संगणकाची सूचनावही : प्रॉपर्टीज फाइल



शाळेच्या संकेतस्थळावर प्रगतिपुस्तकाचे पान प्रथमच उघडले तेव्हा ‘विषय’, ‘प्राप्त गुण’ या मथळ्यांऐवजी भलतीच चिन्हे दिसली. मराठी शाळेचेच मराठी बिघडले म्हणून अनेक पालकांनी विचारणा केली, आणि ती योग्यच होती. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले, संगणक आम्ही उशिरा शिकलो. तरी कारण समजून घेतले, ते येथे देत आहोत.

ही प्रणाली जावा भाषेत आहे. मथळे, फी भरण्याची तारीख, माहितीसाठ्याचा पत्ता या बदलणाऱ्या गोष्टी प्रोग्रामात न लिहिता वेगळ्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवतात. प्रत्येक ओळीत डावीकडे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे किंमत. तारीख बदलली तर फक्त ही वही बदलायची.

आमची फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेली होती. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. जावाची जुनी वाचनपद्धत मात्र प्रत्येक बाइटला एक लॅटिन अक्षर मानते. ‘विषय’मध्ये व, वेलांटी, ष आणि य अशी ४ चिन्हे, त्यांची १२ निरर्थक चिन्हे झाली. पूर्वी यावर उपाय म्हणून प्रत्येक अक्षराचा क्रमांक लिहीत, जसे ‘व’साठी ०९३५. २००६ च्या जावा ६ पासून फाइल कोणत्या पद्धतीने वाचायची ते सांगता येते. २०१७ च्या जावा ९ मध्ये भाषांतराच्या फाइली आपोआप यूटीएफ-८ धरल्या जाऊ लागल्या, पण साध्या वाचनाला तो नियम लागू नाही. आम्ही तेथेच फसलो!

एकच नाव दोन ठिकाणी असले तर? छापील वेळापत्रकापेक्षा फलकावरची सूचना खरी, आणि तिच्यापेक्षा शिपायाने आत्ता आणलेली चिठ्ठी खरी. स्प्रिंग बूटमध्ये तसेच आहे: प्रोग्रामच्या आतल्या फाइलवर बाहेरची फाइल मात करते, तिच्यावर सर्व्हरच्या वातावरणातील किंमत, आणि सर्वांवर सुरू करताना दिलेली आज्ञा. एका किमतीत दुसरीचे नाव डॉलर व महिरपी कंसात लिहिता येते. प्रोग्रामला हवे असलेले असे नाव कोठेच सापडले नाही तर प्रणाली सहसा सुरूच होत नाही. आम्हांला हे बरे वाटते. निकालाच्या दिवशी अडण्यापेक्षा आदल्या दिवशी अडलेले केव्हाही चांगले.

विश्वस्त मंडळात एकाने विचारले, पासवर्डही याच वहीत का? प्रश्न रास्त होता. ही फाइल अनेकांच्या हाती जाते, म्हणून पासवर्ड आता सर्व्हरच्या वातावरणात ठेवला आहे. (त्याआधी एकदा पासवर्डनंतर चुकून एक रिकामी जागा राहिली. जावा ओळीच्या शेवटची जागा काढून टाकत नाही, त्यामुळे दोन तास गेले.)

अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी पासवर्ड नसलेली ती बिघडलेली प्रत संगणक कक्षात ठेवली आहे. ती दुरुस्त करून शिक्षकांना दाखवावी.