गर्भवतीचा रक्तदाब आणि नवजात बालकाचे आरोग्य

उतारवयात गर्भवती झालेल्या एलिझाबेथजवळ पवित्र मरिया सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. गर्भवतीला सोबत हवी असते, हे ख्रिस्तसभा ३१ मे च्या सणाने दरवर्षी स्मरते. अशी सोबत आज का आवश्यक आहे, ते आम्ही येथे मांडीत आहोत.

गर्भारपणातील उच्च रक्तदाब बहुधा वेदनेविना येतो. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या विकारास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. यात वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी पडतो. बाळाला प्राणवायू व पोषण वारेतूनच मिळत असल्याने त्याची वाढ खुंटते. क्वचित वार अवेळी सुटून बाळ पोटातच दगावते.

पुष्कळदा आईचा जीव वाचविण्यासाठी दिवस भरण्याआधीच प्रसूती करावी लागते. अशा बालकाचे वजन अनेकदा अडीच किलोहून कमी भरते. फुप्फुसे अपक्व असल्याने त्याला श्वास घेणे जड जाते, अंगात ऊब टिकत नाही, रक्तातील साखर घसरते. फुप्फुसांच्या बळकटीसाठी आईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शने देता येतात. मात्र त्यासाठी ती वेळेत रुग्णालयात पोहोचली पाहिजे.

कोलाड परिसरातील वाड्यापाड्यांवर खरी अडचण हीच आहे. रोह्याचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठायचे, तर वाहनाची तजवीज आधीच हवी. आईला झटके आल्यावर, मध्यरात्री गाडी शोधण्यात मोलाचा वेळ जातो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज ही धोक्याची चिन्हे आहेत. ‘दिवस आहेत, चालायचेच’ म्हणून ती अंगावर काढू नयेत. पूर्वी हा त्रास झालेल्या भगिनींनी सुरुवातीच्या महिन्यांतच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपल्या शेजारी कोणी गर्भवती असेल, तर तिच्यासाठी प्रार्थना करू या. आणि ‘या महिन्यात रक्तदाब तपासलास का?’ असेही तिला आवर्जून विचारू या.