तिकिटाचे पैसे आधीच भरलेले असतात

‘कर्ज काढून शिकायला गेली आणि दर रविवारी सहली करते,’ असं आमच्या एका नातेवाइकांनी सांगलीत माझ्या आईला ऐकवलं होतं. मला जर्मनीत आखेनला जाऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्यांचं तरी काय चुकलं? फोटो तसेच होते. एका रविवारी नदीकाठी, दुसऱ्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर. पण फोटोमागचा हिशेब फोटोत दिसत नाही. तो आज सांगते.

धातुशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी 2012 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. त्या राज्यानं, म्हणजे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियानं, सरकारी विद्यापीठांतली शिक्षण-फी 2011 मध्येच रद्द केली होती. प्रश्न असतो तो राहण्या-जेवण्याचा. त्यासाठी वर्षभराची रक्कम व्हिसाआधीच एका बंद खात्यात भरावी लागते आणि दरमहा ठरलेले तेवढेच पैसे हाती येतात. माझ्या वेळी ते साडेसहाशे युरोंच्या आसपास होते. 2024 च्या सप्टेंबरपासून 992 युरो धरले जातात. त्यातून खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा वजा केला, की उरलेल्यात महिना काढायचा. दुपारी विद्यापीठाच्या मेसमध्ये जेवण, रात्री खोलीवर खिचडी. पाणी नळाचं. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला दुकानात 25 सेंट परत मिळतात, त्यामुळे बाटली टाकून देणं म्हणजे पैसे टाकणं, हे पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडलं.

आता सहलींचं. दर सहामाहीला प्रत्येक विद्यार्थ्याला एक वर्गणी भरावीच लागते आणि तिच्यातच प्रवासाचं तिकीट असतं. नको म्हणायची सोय नाही! त्या तिकिटावर राज्यभरातल्या बस, ट्राम आणि साध्या गाड्या चालतात. वेगवान गाड्या मात्र नाहीत. पुणे, सातारा आणि सांगली हे तीन जिल्हे एकत्र केले, तर जेवढा मुलूख होईल, जवळपास तेवढं ते राज्य आहे. 2024 पासून तर अनेक विद्यापीठांत हेच तिकीट देशभराच्या साध्या गाड्यांना चालू लागलं.

तरी मी पहिले काही रविवार खोलीतच काढले. तिथं रविवारी दुकानं कायद्यानंच बंद. हे ठाऊक नसल्यानं पहिल्या रविवारी घरात मीठ-तांदळापलीकडे काही नव्हतं. रस्ते सामसूम, शेजारची दारं बंद आणि भारतात सगळ्यांची दुपारची झोप. रडू यायचं, खोटं कशाला सांगू? एक दिवस नागपूरची एक सीनियर मुलगी म्हणाली, ‘‘रविवारी खोलीत बसायचं नाही. पोळीभाजी कर आणि स्टेशनवर ये.’’

आम्ही कोलोनला गेलो. साध्या गाडीनं तासाभराचा रस्ता. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं, की समोर ते कॅथेड्रल, 157 मीटर उंच. 1248 साली सुरू झालेलं काम 1880 मध्ये संपलं. मधली काही शतकं ते बंदच पडलं होतं. मनोऱ्याच्या 533 पायऱ्या चढायला पैसे पडतात, म्हणून आम्ही खालीच बसून डबा खाल्ला.

माझी आवडती सहल मात्र पायी होती. आखेनच्या जंगलातून चालत गेलं, की एका टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तीन देशांच्या सीमा एकत्र येतात. टेकडी 322 मीटरची. आपल्याकडे तिचं कुणी नावही घेणार नाही, पण युरोपातल्या नेदरलँड्समध्ये हीच सर्वांत उंच. ना पहारा, ना शिक्का. एकेकाळी इथं चौथा मुलूखही भिडत होता. जवळच जस्ताची एक मोठी खाण होती. ती प्रशियालाही हवी आणि नेदरलँड्सलाही. कुणीच माघार घेईना, तेव्हा 1816 मध्ये खाणीभोवतीचा चिमुकला पट्टा कुणाचाच नाही असं ठरलं. मोरेस्ने त्याचं नाव. तडजोड म्हणून ठेवलेला तो पट्टा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला आणि 1920 मध्ये बेल्जियमकडे गेला. धातुशास्त्राच्या वर्गात जस्ताबद्दल पुष्कळ शिकले, पण जस्तापायी नकाशा बदलतो हे त्या टेकडीवर कळलं.

फुकट प्रवासाचा एक फटकाही बसला. एकदा ओळखपत्र खोलीवर विसरले. तपासनीस आला आणि 40 युरो दंडाची पावती हातात! आठवड्याचा किराणा गेला, असं वाटलं. नंतर कार्यालयात कार्ड दाखवल्यावर थोडक्यात सुटले.

खरी कसोटी 2013 च्या ऑगस्टमध्ये लागली. मी निघाले तेव्हा युरो सत्तर रुपयांच्या घरात होता. तो नव्वदीला गेला. दुसऱ्या वर्षाच्या तेवढ्याच युरोंसाठी बाबांना दीड लाखाहून जास्त रुपये उभे करावे लागणार होते. फोनवर ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मी प्रयोगशाळेत अर्धवेळ काम शोधलं. धातूचे तुकडे कापायचे, घासून आरशासारखे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. परदेशी विद्यार्थ्याला तेव्हा वर्षाला 120 पूर्ण किंवा 240 अर्धे दिवस काम करता येई. 2024 पासून 140 आणि 280 करता येतं. बाहेरचा चहा बंद केला. सहली तेवढ्या चालूच राहिल्या, कारण त्या बंद करून एक पैसाही वाचणार नव्हता.

काम मिळाल्याचं सांगायला घरी फोन केला. बाबांनी पगार विचारला, लिहून घेतला, भागाकार केला असावा. मग म्हणाले, ‘‘बरं, या रविवारी कुठं?’’