गेडचं नाव, गेडचा रंग

१९८९ साली मी मुंबईत एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो. दुपारच्या सुट्टीत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची सवय तेव्हाच लागली. तिथे पाच रुपयांना एक बारीकसं इंग्रजी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ फाटलेलं, म्हणूनच स्वस्त. उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. माझं शिक्षण बारावीपर्यंत, तेही मराठी माध्यमातून. वीरकरांचा कोश शेजारी ठेवून, अडलेल्या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहीत ते वाचून काढायला सव्वा महिना लागला. पुढे या मालिकेतली सगळी पुस्तकं मिळवली. तिच्यावर निघालेली एक दूरचित्रवाणी मालिका आणि एक चित्रपट, दोन्ही वहीत नोंदी करत पाहिले. दोन्ही वेळा हिरमुसलो. 'पुस्तक चांगलं, सिनेमा वाईट' हे आपण सगळेच म्हणतो, पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. नेमकं काय हरवलं, हे शोधायला लागलो. त्या शोधात जे हाती आलं ते इथे मांडतो आहे. त्यातलं काही माझ्याविषयीही आहे.

अर्थसी म्हणजे शेकडो बेटांचा एक कल्पित प्रदेश. ले ग्विन (१९२९–२०१८) यांनी आधी त्याचा नकाशा काढला आणि मग गोष्ट रचली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या पार्नासस प्रेस या लहानशा प्रकाशनानं त्यांच्याकडे किशोरांसाठी कादंबरी मागितली होती. ती १९६८ साली आली. पुढे 'द टूम्ब्स ऑफ अतुआन', 'द फार्देस्ट शोअर', १९९० साली 'तेहानू', आणि २००१ साली एक कथासंग्रह आणि 'द अदर विंड' ही शेवटची कादंबरी, असा तीसेक वर्षांचा प्रवास आहे.

या जगातली जादू नावांवर चालते. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव लपवतात आणि व्यवहाराला दुसरंच वापरतात. गोष्टीच्या नायकाचं व्यवहारातलं नाव स्पॅरोहॉक, म्हणजे आपल्या शिक्राच्या जातकुळीतला पक्षी. खरं नाव गेड. ते त्याचे गुरू आणि अगदी जवळची दोनचार माणसं एवढ्यांनाच ठाऊक.

मला हे वाचताना परकं वाटलं नाही. बारशाला ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नावं लिहिताना मी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यातलं एक हाक मारायचं, एक नक्षत्राचं. आश्वलायन गृह्यसूत्रात तर मुलाचं एक नाव मुंजीपर्यंत फक्त आईवडिलांनाच माहीत असावं असं सांगितलं आहे. पण ले ग्विन यांच्या घरात याहून जवळचा एक धागा होता. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मोठे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावी याही जमातीचा उरलेला शेवटचा माणूस रानातून बाहेर आला, तेव्हा क्रोबर यांच्याच संग्रहालयात त्याला आसरा मिळाला. आपलं नाव परक्याला सांगायची त्याच्याकडे रीत नव्हती, म्हणून क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे नुसतं 'माणूस'. १९१६ साली तो वारला. त्याचं खरं नाव कोणालाच कळलं नाही. ले ग्विन यांच्या आईनं, थिओडोरा क्रोबर यांनी, त्याचं चरित्र १९६१ साली लिहिलं. मुलीची अर्थसी त्यानंतर सात वर्षांनी आली. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणणार नाही. पण नाव लपवणं हा या लेखिकेला निव्वळ जादूगारीचा खेळ वाटत नसणार, एवढं मला त्यातून कळलं.

आता गोष्ट. तरुण गेड गर्वापोटी, वर्गबंधूवर कुरघोडी करायला, निषिद्ध मंत्र म्हणतो. त्यातून एक काळी सावली सुटते आणि त्याच्या मागे लागते. अर्ध्या पुस्तकात तो पळतो, उरलेल्या अर्ध्यात तिचा पाठलाग करतो. शेवटी समुद्राच्या टोकाशी दोघं समोरासमोर येतात. तिला नाव नाही असं त्याला सांगितलेलं असतं. गेड तिला हाक मारतो ती स्वतःच्या नावानं. तीही त्याच क्षणी तेच नाव उच्चारते. कोणी जिंकत नाही, कोणी मरत नाही.

हे पडद्यावर आणायचा पहिला प्रयत्न १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. 'द रेड शूज'चे दिग्दर्शक मायकेल पॉवेल यांनी ले ग्विन यांच्याबरोबर बसून पहिल्या दोन पुस्तकांची पटकथा लिहिली. तो चित्रपट कधीच निघाला नाही. मला विचाराल तर तिघांमध्ये निराशा सर्वांत कमी त्यानंच केली.

दुसरा प्रयत्न २००४ सालचा. अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीनं डिसेंबरमध्ये दोन रात्रींत चार तासांची मालिका दाखवली. त्यात काय बिघडलं हे सांगण्याआधी हक्कांचा व्यवहार कसा चालतो ते सांगायला हवं. निर्माता आधी पुस्तकावर इसार देतो. ठरलेल्या मुदतीत चित्रपट उभा राहिला तर उरलेली रक्कम द्यायची, नाही तर हक्क परत. एकदा पुरी रक्कम चुकती झाली की लेखकाचा शब्द सहसा संपतो. करारात त्याला 'सल्लागार' म्हणतात, पण सल्ला विचारायचं बंधन कोणावर नसतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सहपटकथाकार फिलिपा बॉयन्स लिहिणार, असं ले ग्विन यांना सांगितलं गेलं होतं. त्या मोकळ्या नाहीत हे नंतर कळलं. पटकथा हाती आली तेव्हा चित्रीकरणाची तयारी झालेली होती. मालिका दाखवली जाताच त्यांनी 'स्लेट' या इंटरनेट नियतकालिकात आपलं म्हणणं स्पष्ट शब्दांत लिहिलं.

माझ्या वहीतली या मालिकेची पहिली नोंद नावाची आहे. मालिकेत नायकाला सगळे उघडपणे 'गेड' म्हणतात, आणि गुप्त नाव आहे स्पॅरोहॉक! नेमकं उलटं. मी कपाळावर हात मारला. मुद्रितशोधकाच्या नोकरीत दोन शब्दांची अदलाबदल मी हजारदा पकडली असेल, पण सबंध पुस्तकाचा अर्थ फिरवणारी अशी कधी पाहिली नव्हती.

पुढे राग ओसरल्यावर प्रश्न पडला, की त्यांनी असं का केलं असेल? उत्तरासाठी पुस्तक पुन्हा उघडलं, आणि इतक्या वर्षांत न दिसलेली एक गोष्ट दिसली. तेराव्या वर्षी गुरू त्याचं नामकरण करतो, त्यानंतर निवेदक त्याला सतत गेडच म्हणतो. मात्र गोष्टीतली माणसं हाक मारतात स्पॅरोहॉक म्हणून. म्हणजे जे नाव जीव धोक्यात घालून सांगायचं, ते वाचकाला पहिल्याच प्रकरणात मिळालेलं असतं. आपण त्या मोजक्या विश्वासातल्या माणसांत बसलेले असतो. वेच हा मित्र निरोप घेताना आपलं खरं नाव गेडला सांगतो, तेव्हा त्या देण्याची किंमत कळते ती यामुळेच.

पडद्याला असा निवेदक नाही. तिथे नाव ऐकू येतं ते कोणीतरी हाक मारली तरच. पुस्तकाशी इमान राखायचं तर चार तास सगळ्यांनी स्पॅरोहॉक म्हणायचं आणि गेड हे नाव तीनचारदाच कुजबुजायचं. बहुधा प्रेक्षक गोंधळेल असं वाटून त्यांनी सुटसुटीत, प्रसिद्ध नाव वर घेतलं. अडचण खरी होती. पण तिच्यावर थोडा जरी विचार झाला असता, तर ती कुजबुजच चित्रपटाचा प्राण झाली असती असं मला वाटतं.

बाकीच्या नोंदी भराभर सांगतो. दुसऱ्या पुस्तकात टेनार नावाच्या मुलीला लहानपणीच अनामिक शक्तींची पुजारीण म्हणून उचलतात, तिचं नाव काढून घेतात आणि तिला अरहा, म्हणजे 'गिळलेली', म्हणू लागतात. तो एक दडपणारा, मेलेला धर्म आहे. गेड तिला तिचं नाव परत देतो. मालिकेत त्याच पुजारिणी सज्जन पहारेकरी झाल्या आहेत आणि वाईटपणा एका महत्त्वाकांक्षी राजाकडे गेला आहे. शिवाय गेड आणि टेनार यांचं प्रेम. पुस्तकात ते चौथ्या खंडात, दोघं उतारवयाकडे झुकल्यावर येतं.

तिसरा प्रयत्न जास्त दुखावणारा आहे, कारण तो प्रेमातून झाला. जपानचे हयाओ मियाझाकी यांनी फार पूर्वीच परवानगी मागितली होती. ले ग्विन यांना ॲनिमेशन म्हणजे डिस्ने एवढंच माहीत होतं आणि ते आवडत नव्हतं, म्हणून त्यांनी नकार दिला. पुढे 'माय नेबर टोटोरो' पाहिला आणि मत पार बदललं. २००५ साली मियाझाकी स्वतः पोर्टलंडला त्यांच्या घरी आले. चित्रपट त्यांचा मुलगा गोरो करणार, पण वडिलांची नजर राहील, असं लेखिकेला सांगण्यात आलं. प्रत्यक्षात वडील त्यात नव्हतेच. गोरो यांनी त्याआधी एकही चित्रपट केलेला नव्हता. २००६ साली तो प्रदर्शित झाला. अमेरिकेत मात्र हक्क जुन्या मालिकेकडे अडकलेले असल्यामुळे २०१० उजाडलं.

जपानीत या सबंध पुस्तकमालेला 'गेदो सेन्की' म्हणतात, तेच चित्रपटाचं नाव. अर्थ होतो 'गेडची युद्धगाथा'. जे नाव लपवायचं ते वेष्टणावर, आणि ज्या पुस्तकांत युद्ध जवळजवळ नाही त्यांना युद्धगाथा! अनुवादाच्या जगात अशा गमती चालायच्याच.

चित्रपटात आकाश सुंदर आहे, शेतं सुंदर आहेत. सुरुवातीलाच राजपुत्र आरेन आपल्या बापाला भोसकतो. पुस्तकात हे कुठेच नाही, आणि चित्रपटही त्याचं धड कारण देत नाही. शेवटी सगळा वाईटपणा कॉब नावाच्या मांत्रिकात गोळा होतो आणि त्याला मारलं की प्रश्न मिटतो. ले ग्विन यांचा मुख्य आक्षेप हाच होता. गोरो यांना समोरासमोर त्यांनी सौजन्यानं सांगितलं, की हे माझं पुस्तक नव्हे, तुमचा चित्रपट आहे, आणि चांगला आहे. ते वाक्य गोरो यांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांनीही आपलं पुरं मत लिहून टाकलं.

इथे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं उदाहरण कोणीतरी देणारच. पीटर जॅक्सन यांना ते जमलं, कारण तिथे शत्रू बाहेर आहे आणि सैन्य घेऊन येतो. तरीही पुस्तकात चेहरा नसलेल्या सॉरॉनचा त्यांना एक प्रचंड जळता डोळा करावाच लागला. पडद्याला बघायला काहीतरी लागतं. टोल्किन यांचे पुत्र ख्रिस्तोफर त्या चित्रपटांवर नाराजच होते. पुढे तीनशे पानांच्या 'द हॉबिट'चे तीन चित्रपट निघाले, त्यात जमलेलंही विरघळलं. आणि २००७ सालच्या 'द गोल्डन कंपास'चं काय झालं? पुस्तकाचा भेसूर शेवट चित्रित करूनही पुढच्या भागासाठी राखून ठेवला, आणि पुढचा भाग निघालाच नाही.

गेडचा शत्रू गेडच आहे. त्याला वेगळा चेहरा देता येत नाही.

रंगाची गोष्ट शेवटी ठेवली, कारण ती सांगायला जड आहे. ले ग्विन यांच्या 'स्लेट'मधल्या लेखाचा रोख मुळात तोच होता. अर्थसीतली बहुतेक माणसं तांबूस तपकिरी किंवा काळी आहेत. गोरे आहेत ते कारगाद बेटांवरचे लोक, आणि पहिल्याच प्रकरणात ते लुटारू म्हणून येतात. नायकाचा रंग त्यांनी मुद्दाम सावकाश उघड केला होता. गोऱ्या वाचकानं आधी गेडच्या कातडीत शिरावं, मग ती कोणत्या रंगाची हे त्याला कळावं, असा तो बेत. मालिकेत गेड झाला शॉन ॲशमोर हा गोरा नट. मुख्य पात्रांत काळा म्हणावा असा एक डॅनी ग्लोव्हर. जुन्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवरही गेड पुष्कळदा गोराच रंगवला गेला होता, आणि त्याविषयी त्या वर्षानुवर्षं भांडत होत्या. चार्ल्स वेस या चित्रकाराबरोबर स्वतः काम करून त्यांनी सचित्र एकत्रित आवृत्ती सिद्ध केली. २०१८च्या जानेवारीत त्या गेल्या, आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघाली.

त्यांचा 'स्लेट'मधला लेख मी दादरच्या एका सायबर कॅफेत, ताशी वीस रुपये मोजून वाचला. आणि एकदम थांबलो. कारण माझ्या डोळ्यांसमोरचा गेडही पंधरा वर्षं गोराच होता. गोरा, पिंगट केसांचा, इंग्रजी शाळेतला वाटावा असा मुलगा. माझा स्वतःचा रंग असा, की लग्न ठरताना मधल्या माणसानं 'मुलगा सावळा आहे' एवढंच सांगून विषय बदलला होता. मुखपृष्ठाला दोष द्यावा, तर माझ्या प्रतीला मुखपृष्ठच नव्हतं. चित्रपट तर तोवर पाहिलेलाही नव्हता.

त्या रात्री घरी जाऊन ट्रंकेतून जुनी प्रत काढली. तिसऱ्या प्रकरणात वेच पहिल्यांदा भेटतो. तो काळा, आणि गेड नि बाकीचे त्याच्याइतके काळे नाहीत, हे तिथे सांगितलं आहे. गेडच्या रंगाच्या शब्दावर माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं, मराठी अर्थ लिहिलेला होता : तांबूस तपकिरी.