जुना लॅपटॉप भंगारात देताय? थांबा, आधी पेन ड्राइव्हवरून ‘हे’ करून पाहा

जुन्नर-आंबेगावातल्या अनेक घरांत एखादा जुना लॅपटॉप कपाटावर धूळ खात पडलेला असतो. थोरल्याच्या डिप्लोमासाठी घेतलेला, आता सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेणारा. मग धाकटीचा प्रवेश अर्ज भरायला नारायणगाव, घोडेगाव किंवा मंचर गाठावे लागते. खरे तर असा लॅपटॉप बऱ्याचदा बिघडलेला नसतो. त्याला नव्या सॉफ्टवेअरचे ओझे पेलवत नसते. ते ओझे कमी करता येते, तेही फुकटात.

नेमके झाले काय?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीचे बहुतेक लॅपटॉप इथेच बाद होतात.

यावर उपाय म्हणजे हलकी लिनक्स सिस्टीम. नाव ऐकून बिचकू नका. तुमचा अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. विज्ञान दिनी मुले खोडदची जीएमआरटी दुर्बीण पाहायला जातात. तिथल्या ३० अँटेनांचे संकेत एकत्र जुळवण्यासाठीही लिनक्सवर चालणारे संगणक वापरले गेले आहेत.

कोणती सिस्टीम निवडाल?

- ४ जीबी रॅम आणि ६४ बिट प्रोसेसर : लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती. मांडणी विंडोजसारखीच आहे.
- २ जीबी किंवा कमी रॅम, किंवा ३२ बिट प्रोसेसर : अँटीएक्स. मात्र १ जीबी रॅमवर ब्राउझरमध्ये एक-दोनच टॅब उघडा.

रॅम आणि प्रोसेसरची माहिती विंडोजच्या ‘सिस्टीम’ विभागात दिसते.

इन्स्टॉल कसे कराल?

१. आधी बॅकअप घ्या. फोटो, मार्कशीट, सातबाऱ्याच्या पीडीएफ दुसरीकडे कॉपी करा आणि तिथे उघडून पाहा. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली गेली, तर हे परत मिळेलच असे नाही.
२. अधिकृत संकेतस्थळावरून सिस्टीमची आयएसओ फाइल डाउनलोड करा. ‘रुफस’ या मोफत सॉफ्टवेअरने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते.
३. लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह लावा. सुरू करताना बूट मेनूची की दाबा. डेल आणि लेनोव्होमध्ये ती बहुधा एफ १२, तर एचपीमध्ये एफ ९ असते.
४. लगेच इन्स्टॉल करू नका. आधी ‘लाइव्ह’ मोडमध्ये वाय-फाय, आवाज, कीबोर्ड तपासा. तोवर डिस्कवरच्या फाइलना धक्का लागत नाही.
५. समाधान झाले तरच ‘इन्स्टॉल’ निवडा. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल, तर लोडशेडिंगची वेळ टाळा. मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहून सगळे पुन्हा करावे लागते.

हमखास येणाऱ्या अडचणी

- वाय-फाय दिसत नाही? अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टिथरिंग’ सुरू करा. त्या इंटरनेटवरून वाय-फायचा ड्रायव्हर घेता येतो.
- वेबसाइट ‘असुरक्षित’ असल्याचा इशारा येतो? तारीख-वेळ तपासा. आतला छोटा सेल संपला की तारीख मागे जाते. हा सेल स्वस्तात बदलून मिळतो.
- मराठी टायपिंग? कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी निवडा. युनिकोड मराठी दिसते आणि टाइपही होते.

कोणी घाई करू नये?

टॅली किंवा श्रीलिपीवर रोजचे काम असेल, तर विंडोज काढू नका. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. डिजिटल सिग्नेचरचा डोंगल किंवा आधारचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र वापरत असाल, तर ते लिनक्सवर चालते का, हे आधी विक्रेत्याला विचारा.

फॉर्म भरणे, ईमेल, व्हिडिओ लेक्चर, टायपिंग एवढेच काम असेल, तर जुना लॅपटॉप पुरेसा आहे. तरीही तो रखडलाच, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. वेगात मोठा फरक पडतो. पण तो खर्च करण्याआधी लाइव्ह मोडमध्ये लॅपटॉप नीट चालतो का, ते पाहा.