अर्धी पेन्सिल, पांढरा घोडा आणि चार पोरं

वर्तमानपत्रात एक जाहिरात येते: हुशार मुलांना खास संधी, परीक्षेला या. नियम कडक असतात. प्रत्येकानं एकच पेन्सिल आणायची, जास्तीची चालणार नाही. परीक्षेला जाता जाता एका मुलीची पेन्सिल गटाराच्या जाळीतून खाली पडते. आजूबाजूला मुलांची गर्दी असते, पण तिच्यासाठी थांबायला कुणाला सवड नसते. 11 वर्षांचा रेनी मल्डून मात्र स्वतःची पेन्सिल मोडतो आणि अर्धी तिच्या हातावर ठेवतो. खरी परीक्षा तिथेच सुरू झालेली असते, हे त्याला बऱ्याच उशिरा कळतं.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातले लेखक ट्रेंटन ली स्ट्युअर्ट यांची ‘द मिस्टीरियस बेनेडिक्ट सोसायटी’ ही कादंबरी 2007 साली आली. चित्रं कार्सन एलिस यांची. असामान्य बुद्धीची चार मुलं एकत्र येऊन मोठ्यांना न जमलेलं काम करतात, असा हा मामला. मुलांच्या टोळीनं चोर पकडायची परंपरा तशी जुनी आहे. एरिश केस्टनर यांच्या 1929 च्या जर्मन कादंबरीत एमिल आणि बर्लिनची पोरं तेच करतात, आणि एनिड ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’नं त्याच वाटेवर 21 पुस्तकं गाजवली. स्ट्युअर्ट यांनी या परंपरेत एक प्रश्न आणून ठेवला: हुशार म्हणायचं तरी कुणाला?

त्याचं पहिलं उत्तर परीक्षांमधूनच मिळतं. एका पेपरात 40 महाकठीण प्रश्न असतात. रेनीला त्यातलं जवळपास काहीच येत नाही, पण सगळा पेपर नीट वाचल्यावर त्याच्या लक्षात येतं की एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाच्या मजकुरात दडलंय. स्टिकी वॉशिंग्टन नावाच्या मुलाला असल्या क्लृप्तीची गरजच पडत नाही. त्याला सगळी उत्तरं पाठ असतात. मग रंगीत चौकटींच्या फरशीची खोली येते. निळ्या किंवा काळ्या चौरसावर पाय न ठेवता ती ओलांडायची. स्टिकी हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत जातो, म्हणजे ‘पाय ठेवला’ असं होत नाही. केट वेदरॉल दोरीच्या आधारानं पार होते. रेनी फरशीकडे बारकाईनं बघतो आणि ओळखतो की हे चौरस नाहीतच, आयत आहेत! तो सरळ चालत जातो. तिघंही पास.

यातलं कुणीच सर्वगुणसंपन्न नाही. स्टिकीनं वाचलेला शब्द डोक्यातून जात नाही, पण ताण आला की तो चष्मा पुसत बसतो. बक्षिसांच्या मोहापायी आईवडिलांनी प्रश्नमंजूषांना जुंपल्यामुळे तो घर सोडून पळालेला आहे. केट सर्कशीत वाढलेली. दोरी, चाकू, लोहचुंबक असलं सामान भरलेली लाल बादली ती क्षणभरही सोडत नाही, आणि मदत मागणं तिला कमीपणाचं वाटतं. चौथी कॉन्स्टन्स कॉन्ट्रेअर. ही चिमुरडी सतत कुरकुरते, कुणाचं ऐकत नाही आणि परीक्षेच्या पेपरात उत्तरांऐवजी परीक्षेचीच टर उडवणारी कविता लिहून येते. ‘हिला कशाला घेतलं?’ हा प्रश्न बाकी तिघांइतकाच वाचकालाही पडतो.

या चौघांना निवडणारे बेनेडिक्ट हे मोठे विद्वान. पण भावना अनावर झाल्या, विशेषतः हसू आलं, की ते उभ्या उभ्या झोपी जातात. रेडिओ-टीव्हीच्या लहरींतून कुणीतरी छुपे संदेश सोडतंय आणि माणसं हताश, गोंधळलेली होत चालली आहेत, हे त्यांनी शोधून काढलेलं असतं. संदेशांचा उगम एका बेटावरच्या निवासी शाळेत आहे. तिथे फक्त मुलांनाच शिरकाव, म्हणून हेर मुलंच हवीत.

कादंबरी खरी रंगते ती या शाळेत. इथे नियम नाहीत, असं मुलांना सांगितलं जातं आणि पाठोपाठ नियमांची यादी ऐकवली जाते. धडे निरर्थक असतात. ते शब्दशः घोकणारा पुढे जातो. सर्वांत पुढे जाणाऱ्यांना ‘व्हिस्परर’ या यंत्रात बसायचा मान मिळतो. याच यंत्राद्वारे शाळेचा संचालक कर्टन मुलांच्या मनांतून आपले संदेश गाळून जगभर सोडतो. यंत्र छळत नाही, उलट मनातली भीती घालवून सुख देतं. अनाथाश्रमात एकटेपणात वाढलेल्या रेनीला त्याची ओढ लागते, ही या पुस्तकातली सर्वांत धाडसी गोष्ट आहे.

रात्री मुलं टॉर्चच्या उजेडानं मोर्स संकेतात किनाऱ्यावर थांबलेल्या बेनेडिक्ट यांच्याशी बोलतात आणि तिकडून कोड्यांत उत्तरं येतात. त्यातलं एक उत्तर पांढऱ्या घोड्याची आठवण करून देतं. सुरुवातीच्या एका पेपरात बुद्धिबळाचा पट होता: सगळी मोहरी जागच्या जागी, फक्त काळ्याचं एक प्यादं पुढे सरकलेलं. हे शक्य आहे का? शक्य आहे, कारण पांढरा घोडा एक चाल करून पुन्हा आपल्या घरात परतलेला असू शकतो. मन डळमळलेल्या रेनीला त्याचा अर्थ बरोबर लागतो: टाकलेलं पाऊल मागे घेता येतं.

कर्टन हा बेनेडिक्ट यांचा जुळा भाऊ निघतो. दोघांकडे सारखीच बुद्धी आणि दोघांनाही हुशार मुलं हवी असतात. फरक एवढाच की बेनेडिक्ट धोका समजावून सांगतात आणि नाही म्हणायची मुभा देतात. डिस्ने प्लसवरच्या 2021 च्या मालिकेत टोनी हेल यांनी हे दोन्ही भाऊ साकारले. ती दोन पर्वं चालली. पुस्तकं मात्र वाढत गेली. बेनेडिक्ट यांच्या बालपणावरची कादंबरी 2012 मध्ये, तर ‘द रिडल ऑफ एजेस’ 2019 मध्ये आली.

कादंबरी लांब आहे, आणि बेटावरचा मधला भाग थोडा रेंगाळतो. तरीही 10-12 वर्षांच्या वाचकाच्या हाती ती जरूर द्यावी. मोठ्यांनीही सोबत वाचावी, फक्त कॉन्स्टन्सचं गुपित आधी सांगू नये. ते शेवटी कळल्यावर तिचे सगळे प्रसंग पुन्हा वाचावेसे वाटतात.