घरपोच हत्यार आणि गावचे दुकान

गोमंतकातील सुताराच्या पडवीतला आवाज बदलला, त्यास आता बराच काळ लोटला आहे. रंधा, पटाशी, करवत आणि गिरमिट ही हत्यारे ज्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या चालविली, त्याच घराण्यांतील तरुणांच्या हाती आज विजेचे ड्रिल, ग्राइंडर, विजेचा रंधा आणि मार्बल कटर आला आहे. चतुर्थी तोंडावर आली की पाट, चौरंग आणि मखरे वेळेवर देण्याची जी धांदल उडते, ती आता या यंत्रांच्या भरवशावरच निभावते. या बदलाबद्दल खंत बाळगण्याचे काहीच कारण नाही. १८९५ साली जर्मनीतील फाइन यांच्या कारखान्यात हातात धरून चालविण्याजोगे विजेचे ड्रिल तयार झाले. ते सव्वाशे वर्षांनी आमच्या खेड्यातील कारागिराच्या पिशवीत दिसावे, ही प्रगतीचीच खूण होय. शिवाय अंगमेहनत वाचली, काम वेगाने होऊ लागले आणि कारागिराला चार पैसे अधिक मिळू लागले.

परंतु याच्या पाठोपाठ आणखी एक बदल घडत आहे आणि त्याकडे अद्याप म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. हे यंत्र घ्यायचे म्हणजे पूर्वी म्हापसा, मडगाव, फोंडा किंवा डिचोली येथील हार्डवेअरच्या ओळखीच्या दुकानाची पायरी चढावी लागे. आता भ्रमणध्वनीवर बोट फिरविले की चार दिवसांत पेटी दारात येते, आणि पुष्कळदा दुकानापेक्षा कमी किमतीत येते. त्यामुळे दुकानदार तक्रार करीत आहेत आणि ग्राहक त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत आहेत. हा केवळ व्यापाऱ्यांच्या नफ्यातोट्याचा प्रश्न असता तर त्यासाठी अग्रलेखाची जागा खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. पण ज्याची भाकरी या यंत्रावर अवलंबून आहे त्या कारागिराच्या हिताशी तो निगडित आहे, म्हणून त्याचा नीट विचार व्हावयास हवा.

घरपोच खरेदीच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात बरेच तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. काणकोण, सांगे किंवा सत्तरीच्या आतल्या गावातील कारागिराने एका ड्रिलसाठी शहरात जायचे म्हणजे दिवस मोडतो. तेथे पोचल्यावरही दुकानात दोन किंवा तीन कंपन्यांचाच माल असायचा. इंटरनेटवरील बाजारात मात्र जपानी, जर्मन आणि अमेरिकन नावांपासून आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळच्या हत्यारांपर्यंत सारे काही एका ठिकाणी, किमतीसह, मांडलेले असते. घासाघीस नाही आणि गिऱ्हाईक पाहून भाव सांगणे नाही. मोठ्या विक्रेत्याला मोक्याच्या जागेचे भाडे पडत नाही, तो माल घाऊक घेतो आणि थोड्या नफ्यावर पुष्कळ विकतो. त्यामुळे त्याचा भाव उतरतो, यात नवल ते काय?

तथापि यंत्र म्हणजे धोतरजोडी नव्हे किंवा पुस्तकही नव्हे. पुस्तक घेतले की व्यवहार संपला. यंत्राच्या बाबतीत तो खरेदीच्या दिवशी सुरू होतो. या हत्यारांच्या मोटारीत कार्बनचे दोन लहान तुकडे असतात. फिरत्या आर्मेचरला वीज पोचविण्याचे काम करता करता ते पेन्सिलीच्या शिशासारखे झिजत जातात. ते वेळीच बदलले तर खर्च अगदी किरकोळ येतो. पण तसे केले नाही तर आत ठिणग्या उडू लागतात, कम्युटेटर जळतो आणि अखेर आर्मेचरच बदलावे लागते, ज्यात यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. त्यातून आमची हवा खारी आणि पावसाळा चार महिन्यांचा. बेअरिंग गंजणे, चक अडकणे, स्विचमध्ये ओल शिरणे हे येथे नेहमीचेच. अशा वेळी ‘ब्रश गेले आहेत, दोन मिनिटे थांबा’ असे सांगणारा माणूस हाकेच्या अंतरावर असणे, याची किंमत कोणत्याही संकेतस्थळावर छापलेली नसते. समजा, तीन हजारांच्या ग्राइंडरवर तीनशे रुपये वाचले. पण सुटा भाग मिळेपर्यंत आठ दिवस काम बंद पडले तर त्या आठ दिवसांच्या मजुरीपुढे ते तीनशे रुपये कोठे राहिले?

बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांबाबत हा हिशेब अधिकच बारकाईने केला पाहिजे. त्यांत खरी किंमत बॅटरीची असते आणि ती काही वर्षांनी बदलावीच लागते. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही. म्हणजे पहिले हत्यार घेताना ग्राहक नकळत पुढल्या दहा वर्षांचा करार करीत असतो. आज स्वस्तात मिळालेल्या अनोळखी नावाच्या यंत्राची बॅटरी तीन वर्षांनी बाजारात उपलब्ध नसेल, तर ते यंत्र धड असूनही अडगळीत जाईल.

प्रश्न केवळ पैशांचाही नाही. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेते. गणित केले तर तिची कड ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते. अशा वेगाने फिरणारी निकृष्ट किंवा तडा गेलेली चकती फुटली तर तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. धातू कापण्याच्या ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावणे, अडचण होते म्हणून वरचे संरक्षक झाकण काढून टाकणे, चकतीवर छापलेली वेगमर्यादा न पाहणे, या चुकांनी बोटे गेली आहेत आणि डोळेही गेले आहेत. जाणता दुकानदार यंत्र काढण्यापूर्वी विचारतो, ‘काय कापणार?’ या एका प्रश्नात जो उपदेश सामावलेला असतो तो घरपोच येणाऱ्या पेटीतील बारीक अक्षरांच्या पुस्तिकेत क्वचितच वाचला जातो. आणि ती पुस्तिका मराठीत असेलच याचीही खात्री नसते.

येथवर वाचून आमचे दुकानदार बंधू सुखावले असतील. त्यांनाही चार शब्द ऐकविणे आम्हास भाग आहे. जाणता दुकानदार कसा असतो याचे जे चित्र आम्ही वर रेखाटले, त्यात आपण बसतो का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. गिऱ्हाईकाने बिल मागताच ‘बिल हवे असेल तर अठरा टक्के जास्त पडतील’ असे उत्तर देणारी दुकाने आमच्या बाजारपेठांत नाहीत काय? विजेच्या हत्यारांवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे हे खरे. परंतु वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर धरलेलेच असतात आणि दोनशे रुपयांवरील विक्रीचे बिल देणे नोंदणीकृत व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. बिल नसले तर कंपनीची हमी व्यर्थ ठरते, आणि पुढे ‘हे यंत्र आमच्याकडून घेतलेच नाही’ असे म्हणायला दुकानदारही मोकळा राहतो. नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली चकत्या आणि नकली ब्रश विकण्याचा धंदाही इंटरनेटवरच जन्मला असे नाही. तो फार आधीपासून बाजारात सुखेनैव चालू होता. ज्या दुकानात सल्ला नाही, दुरुस्ती नाही, बिल नाही आणि वर उर्मटपणा आहे, त्या दुकानाने कोणत्या तोंडाने ग्राहकाकडे निष्ठा मागावी?

मात्र दुकानदाराच्या बाजूची एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे उधारी. पावसात कामे थंडावतात, मालकाकडून पैसे उशिरा येतात आणि हातातले यंत्र नेमके अशाच वेळी जळते. तेव्हा ‘घेऊन जा, चतुर्थी झाल्यावर दे’ असे केवळ तोंडओळखीवर सांगणारा दुकानदारच उभा राहतो. संगणकाला माणसाची पत त्याच्या बँकखात्यावरून कळते, दुकानदाराला ती त्याच्या बापजाद्यांवरून कळते. ज्याच्यापाशी कार्ड नाही आणि ज्याचे उत्पन्न कोठे नोंदलेले नाही, अशा कारागिरासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता कायद्याचे काय, असे वाचक विचारतील. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला तेव्हा हा नवा बाजार अस्तित्वातच नव्हता. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अंमलात आला आणि त्याच महिन्यात इंटरनेटवरील व्यापाराचे स्वतंत्र नियमही जारी झाले. त्यानुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता, माल कोणत्या देशात बनला, परत घेण्याच्या अटी व हमी यांची माहिती ग्राहकासमोर ठेवणे आवश्यक आहे. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावयाची असून तिचे निवारण महिन्याभरात करावयाचे आहे. विक्रेत्याने ग्राहक असल्याचा बहाणा करून स्वतःच्याच मालाची स्तुती छापण्यास मनाई आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळूरचा, ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाद मागता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्कही पडत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. हे हक्क कागदावर आहेत. ते वापरणारा ग्राहक मात्र विरळा.

स्पर्धेच्या न्याय्यतेचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. परदेशी भांडवलाच्या संकेतस्थळांनी स्वतः माल न विकता केवळ बाजारपेठ पुरवावी आणि किमतींवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, असे केंद्र सरकारचे धोरण आहे. फेब्रुवारी २०१९ पासून ते अधिक कडक करण्यात आले. दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने दोन बड्या संकेतस्थळांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेशही दिला. कार्यक्षमतेमुळे भाव उतरत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तोटा सोसून स्पर्धकाला संपविण्यासाठी भाव उतरविला जात असेल तर आजची स्वस्ताई ही उद्याच्या महागाईची इसारत ठरेल. गावातील शेवटचे दुकान बंद झाल्यावर भाव कोण ठरविणार, याचा विचार आजच करावयास हवा.

यावर उपाय काय? आमच्या मते उपायाचे तीन भाग आहेत. पहिला सरकारचा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, होड्या बांधणारे अशा अठरा व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य, प्रशिक्षण आणि पाच टक्के व्याजाने कर्ज देण्याची तरतूद आहे. योजना चांगली आहे. परंतु हत्यार मिळाले तरी ते दुरुस्त करणारा मिळेल का, हा प्रश्न उरतोच. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी विजेच्या हत्यारांच्या दुरुस्तीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम चालविला तर तालुक्यातालुक्यांत असे दुरुस्ती करणारे तयार होतील आणि बेकार तरुणांना धंदाही मिळेल.

दुसरा भाग दुकानदारांचा. एकेकट्याने रडत बसण्यापेक्षा एका तालुक्यातील पाच-दहा दुकानदारांनी एकत्र येऊन माल घाऊक घ्यावा, ब्रश, स्विच आणि बेअरिंग यांचा साठा सामाईक ठेवावा आणि एक कुशल कारागीर दुरुस्तीसाठी नेमावा. महागडी यंत्रे दिवसाच्या भाड्याने देण्याची सोय केली तर ज्याला वर्षातून दोनच दिवस यंत्र लागते असा गिऱ्हाईकही जोडला जाईल. १९०८ पासून व्यापाऱ्यांचे हित पाहणाऱ्या आमच्या चेंबर ऑफ कॉमर्सने अशा कामात पुढाकार घेतला तर ते शोभून दिसेल.

तिसरा आणि निर्णायक भाग ग्राहकाचा. ज्याला घरी भिंतीत चार खुंट्या ठोकायच्या आहेत त्याने ड्रिल कोठूनही घ्यावे. फार तर भाड्याने घ्यावे. पण ज्याचे पोट यंत्रावर आहे त्याने भ्रमणध्वनीवर भाव जरूर पाहावा आणि मग तो भाव घेऊन दुकानात जावे. सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती कोण करतो, हमी किती महिन्यांची आणि तिच्यात काय येत नाही, हे प्रश्न विचारावे. समाधानकारक उत्तरे मिळाली तर शंभर-दोनशे रुपये जास्त देण्यास कचरू नये. ती भीक नव्हे, तो दुरुस्तीचा आगाऊ हप्ता समजावा. उत्तरे मिळाली नाहीत तर खुशाल घरपोच मागवावे. मात्र विक्रेता कंपनीचा अधिकृत आहे याची खात्री करून घ्यावी, पेटी आल्याबरोबर यंत्र चालवून पाहावे आणि बिल जपून ठेवावे. दुकानात उभे राहून यंत्र हाताळायचे, दुकानदाराकडून तासभर माहिती घ्यायची आणि मग घरी जाऊन दुसरीकडून मागवायचे, हा प्रकार मात्र आम्हास प्रामाणिकपणाचा वाटत नाही.

नवा बाजार थांबविता येणार नाही आणि थांबवावा असे आमचे म्हणणेही नाही. दुकानाने आपले ज्ञान, आपली दुरुस्ती आणि आपली सचोटी विकावयास शिकले पाहिजे. ते न केल्यास केवळ भूमिपुत्र म्हणून ते टिकणार नाही. आणि कारागिरानेही हे ध्यानात ठेवावे की हत्याराची किंमत ते घेतलेल्या दिवशी कळत नाही. ऐन कामाच्या घाईत ते बंद पडते त्या दिवशी कळते. त्या दिवशी आपल्या गावात उघडे दुकान असावे असे ज्याला वाटते, त्याने ते दुकान उघडे राहील अशी तजवीज आजच्या खरेदीतून केली पाहिजे.