व्यसनातून सावरलेली नर्स औषधाची चिठ्ठी लिहू शकते का?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांचाच भरणा जास्त असतो. गेल्या महिन्यात मात्र एक वेगळे पत्र आले. लिहिणाऱ्या गृहस्थांची पुतणी अमेरिकेत नर्स आहे. पाठदुखीसाठी मिळालेल्या गोळ्यांची तिला सवय लागली, पुढे ती वॉर्डातली इंजेक्शने घेऊ लागली आणि एक दिवस पकडली गेली. उपचार घेऊन आता दोन वर्षे ती व्यसनापासून दूर आहे. तिला पुढे शिकून 'नर्स प्रॅक्टिशनर' व्हायचे आहे. काका विचारतात, "डॉक्टरसाहेब, जिने औषध चोरले तिच्या हाती औषध लिहिण्याचे पेन कोण देणार?"

देतात. मात्र त्याला वेळ लागतो आणि कागदपत्रे फार सांभाळावी लागतात.

प्रथम ही नर्स प्रॅक्टिशनर कोण ते पाहू. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सबाई आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून अनुभवी नर्सना रुग्ण तपासण्याचे प्रगत शिक्षण देणे सुरू केले. त्यातून हा वर्ग उभा राहिला. आज त्यासाठी नर्सिंगमधील उच्च पदवी, राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आणि राज्याचा वेगळा परवाना लागतो. निम्म्याहून अधिक राज्यांत ही नर्स डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रुग्ण तपासते, निदान करते आणि औषधे लिहून देते.

आता व्यसनाविषयी. नर्सला सगळे कळत असताना व्यसन लागतेच कसे, असे लोक विचारतात. व्यसन हा मेंदूचा आजार आहे आणि ज्ञानामुळे तो टळत नाही. टळत असता तर एकही डॉक्टर सिगारेट ओढताना दिसला नसता. उलट नर्सच्या कामात धोका वाढवणाऱ्या गोष्टीच जास्त. रुग्ण उचलून कंबर धरते, रात्रपाळीने झोप मोडते, मरणे रोज पाहावी लागतात, आणि मॉर्फिन किंवा फेंटॅनिलची कुपी हाताशी असते. शिवाय "मला डोस कळतो, मी सांभाळीन" हा भ्रम असतो. रुग्णाच्या कागदावर इंजेक्शन दिल्याची नोंद आहे, पण रुग्ण मात्र वेदनेने तळमळतो आहे, असे वारंवार घडू लागले की वरिष्ठांना संशय येतो. यात नुकसान केवळ त्या नर्सचे नाही. वेदनेत पडलेल्या माणसाचे औषध गेलेले असते. म्हणूनच नुसती दया दाखवून हा प्रश्न सुटत नाही.

पूर्वी अशा नर्सला कामावरून काढत आणि परवाना रद्द करत. त्यामुळे सगळ्याजणी आजार लपवत आणि रुग्णांना धोका तसाच राही. १९८३ साली फ्लॉरिडा राज्याने कायद्यानेच वेगळी वाट काढली. नर्सने उपचार घ्यावेत, देखरेखीखाली काम करावे आणि परवाना टिकवावा. पुढे बऱ्याच राज्यांनी अशा योजना सुरू केल्या. नर्सला करारावर सही करावी लागते. त्याची मुदत साधारणपणे तीन ते पाच वर्षे असते. आज लघवी तपासायची आहे का, हे तिला रोज पाहावे लागते आणि बोलावणे आले की त्याच दिवशी नमुना द्यावा लागतो. दारूचा थेंबही चालत नाही. सुरुवातीचे काही महिने नशा आणणाऱ्या औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे नसते, बहुधा रात्रपाळीही नसते. कामाच्या जागी एक वरिष्ठ तिच्याविषयी नियमित अहवाल पाठवतो. जाच वाटेल, पण हेच अहवाल पुढे तिच्या उपयोगी पडतात.

औषध लिहिण्याच्या अधिकाराला दोन दारे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. पहिले दार राज्याच्या नर्सिंग बोर्डाचे. दुसरे केंद्र सरकारच्या अमली पदार्थविषयक यंत्रणेचे, म्हणजे डीईएचे. वॉर्डातल्या नर्सला औषध टोचण्यासाठी स्वतःची डीईए नोंदणी लागत नाही, ते काम रुग्णालयाच्या नोंदणीवर चालते. परंतु मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधे लिहून द्यायची तर स्वतःची नोंदणी हवी, आणि दर तीन वर्षांनी ती नवी करावी लागते. त्या अर्जात स्पष्ट प्रश्न असतात. नियंत्रित औषधांसंबंधी गुन्हा सिद्ध झाला आहे काय? परवाना कधी रद्द, निलंबित किंवा सशर्त झाला आहे काय? तो आपण स्वतः परत केला आहे काय? "होय" लिहिले म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. काय घडले आणि नंतर काय केले याचा खुलासा द्यायचा असतो. खोटे "नाही" लिहिणे मात्र नोंदणी नाकारण्यास किंवा रद्द करण्यास स्वतंत्र कारण ठरते.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे सही. पकडले गेल्यावर माणूस भेदरलेला असतो, शरमेने मान खाली असते. समोरून कागद येतो, "स्वखुशीने परवाना परत करते." प्रकरण मिटेल या आशेने ती सही करते. पण बोर्डाची चौकशी चालू असताना परवाना परत केला, तर सरकारी आरोग्य विम्याच्या बहिष्कृत यादीत नाव जाऊ शकते. त्या यादीतल्या माणसाला कामावर ठेवले तर रुग्णालयाचे विम्याचे पैसे अडतात, म्हणून कोणी घेत नाही. नियंत्रित औषधांसंबंधीचा गंभीर गुन्हा सिद्ध झाला, तर ही बंदी किमान पाच वर्षे असते. कारवाईच्या दडपणाखाली डीईएची नोंदणी सोडलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला तर वेगळीच अडचण येते. नियंत्रित औषधे हाताळायला मिळतील अशा कामावर तिला घ्यायचे, तर मालकाला डीईएकडून खास सूट मागावी लागते. तेव्हा परवान्याची बाजू जाणणाऱ्या वकिलाला दाखवल्याशिवाय अशा कागदावर सही करू नये. इथे वकिलाची फी औषधाच्या बिलाइतकीच आवश्यक समजावी.

आमच्या पत्रलेखकांच्या पुतणीचा करार अजून चालू आहे. मी तिला घाई करू नको म्हणेन. अनेक महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी, निदान रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या वेळी, बिनअटी परवाना मागतात. करार पूर्ण झाल्याचा दाखला हाती ठेवून अर्ज केलेला बरा. त्या काळात थोडेथोडे विषय पूर्ण करता आले तर करावेत, पण नोकरी, अभ्यास आणि अपुरी झोप यांतून जुना आजार उलटतो, हे विसरू नये. पुढे विषय निवडतानाही शहाणपण लागते. भूल किंवा अतिदक्षता विभागात त्याच कुप्या दिवसभर हातात येतात. शाळकरी मुलांचे आरोग्य, मधुमेह किंवा मानसोपचार यांत कामही मोठे आहे आणि जोखीमही कमी आहे.

व्यसन सोडवण्यासाठी ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असणाऱ्यांना "तुम्ही अजून नशेवरच आहात" असे म्हणणारे डॉक्टरांतही भेटतात. हे चूक आहे. वैद्यकीय देखरेखीखाली घेतलेले हे औषध उपचारच आहे. इंडियाना राज्याच्या नर्सिंग बोर्डाने अशा औषधावर असलेल्या नर्सला साहाय्य योजनेत राहू दिले नाही. २०२२ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने हे अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्याचे उल्लंघन असल्याचा निष्कर्ष काढला. मात्र जो आजही बेकायदा नशा करतो, त्याला हा कायदा त्या कारणावरून संरक्षण देत नाही.

आपल्याकडच्या रुग्णालयांतही पेंटाझोसिनच्या इंजेक्शनांत अडकलेले कर्मचारी सापडतात आणि प्रकरण बहुधा दबून जाते. अशांसाठी सांगतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या आपल्या कायद्यात '६४ अ' हे कलम आहे. अल्प प्रमाणातील पदार्थाचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचारांना गेला, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे, आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडेही जाता येते. दाखल करताना कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे खरे सांगा. रोज मोठ्या डोसात घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात, म्हणून त्या घरच्या घरी बंद करू नयेत.